आधी संडास, मग दूध

दूध वर आलं. काठापाशी आलं, फेस फुगला, सासूबाईंनी हात जोडले, नवरा मोबाइल पुढं करून फोटो काढतोय, मी पोरीला कडेवर घट्ट धरून उभी, आणि एवढ्यात जिथं दार बसायचं होतं त्या भोकातनं पंचूमामा आत शिरले. चपलांसकट. काखेत चटई. आले ते तीन विटांच्या चुलीपुढं धपकन गुडघ्यांवर बसले आणि गाल फुगवून दुधावर फुंकर मारायला लागले.

"फूऽ! फूऽ!"

"अय्यो! काय करता हो राव! उतू जाऊ द्या, उतू जाऊ द्या!" सासूबाई ओरडल्या.

"नाही जाऊ द्यायचं! फूऽ! अरे सेतू, फोटो कसले काढतोस, लाकडं ओढ!"

आता फुंकर दुधावर मारली तरी वारा चुलीतही जातोच की. मामा जेवढे फुंकत तेवढा जाळ भडके, जाळ भडकला की दूध आणखी वर, दूध वर आलं की मामा आणखी जोरात. नवऱ्याला सुचेना लाकूड ओढू की मोबाइल खिशात घालू. शेवटी मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी भांडं धरून उचललं आणि खाली वाळूत ठेवलं. फेस फुस्स करून बसला. मग माझी पोरगी रडायला लागली, तिचं बघून मी पण.

तुमच्याकडं कसं असतं मला माहीत नाही. आमच्या तंजावुरात नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालतात. ते उतू गेलं की घर भरभराटीला येतं, आणि ते गेलं की घर आपलं. वर येऊन परत खाली बसलेलं दूध मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचं काय होतं, कुणाला विचारायचं, काही कळेना.

मामा मात्र टॉवेलानं कपाळ पुसत म्हणाले, "वाचलात." आणि भिंतीला पाठ टेकून बसले, जसं काही त्यांनीच विहिरीतनं कुणाला वर काढलंय.

हे पंचूमामा म्हणजे पंचनदराव. तिरुवैयारूचे, म्हणजे पाच नद्यांच्या गावचे, म्हणून ते नाव. आमच्यासारखेच मराठी, आमच्यासारखेच घरात मराठी आणि भांडण आलं की तमिळ. आधी कुठल्याशा सरकारी ऑफिसात होते, रिटायर झाल्यावर या घरं बांधणाऱ्या संस्थेत आले. संस्थेनं तिरुवैयारूच्या रस्त्याला, गावाबाहेर, जमीन घेतली आहे. जमीन संस्थेची, वरचं घर आमचं. विकायचं मनात आलं तर संस्थेलाच परत द्यायचं, बाहेरच्या शेठला नाही, म्हणजे पुढच्या गरिबाला त्याच भावात मिळतं. बांधायला कर्ज देतात, पण एकदम देत नाहीत. आधी पाया, मग भिंती, मग छप्पर, आणि शेवटी दार-खिडक्या आणि संडास. एकेक टप्पा पुरा झाला की मामा येऊन बघणार, मग पुढचा पैसा. म्हणजे आमच्या पुऱ्या कॉलनीचा जीव मामांच्या एका मानेत. ती हलली तर छप्पर, नाही हलली तर आभाळ.

आणि ती मान कशी हलते ते ऐका. संस्थेतले बाकी सगळे म्हणतात, फोटो पाठवा, मोबाइलवर पाठवा, पुरे. मामा म्हणतात, "फोटोत काय दिसतं? घर उभ्यानं पाहायचं नसतं, आडवं होऊन पाहायचं." म्हणून ते मोपेडला चटई बांधून येतात. दुपारचं जेवण झालं की कुठल्या तरी अर्ध्या बांधलेल्या घरात शिरतात, विटांचे तुकडे पायानं सरकवतात, चटई पसरतात आणि झोपतात. खरंच झोपतात. घोरतात. गवंडी डोक्यावर काम करत असतो, सिमेंट पडतं, तरी झोपतात. उठले की सांगतात, "खिडकी वीतभर खाली घ्या, निजलेल्या माणसाला झाड दिसत नाही." नाहीतर, "चुलीचा धूर या कोपऱ्यात येणार, बाळंतीण इथं झोपवू नका."

मी एकदा विचारलं, "मामा, रात्री का नाही झोपून बघत?"

"अगे पोरी, रात्री माणूस दमलेला असतो, तो दगडावरही झोपतो. दुपारी झोप आली तर घर खरं."

एका घरात त्यांना झोप आली नाही. त्या माणसाचं छप्पर दोन आठवडे अडलं. शेवटी कळलं, भिंत तिरकी होती, इंजिनिअरनं ओळंबा लावून पाहिलं तेव्हा. इंजिनिअर तेव्हापासून मामांना नमस्कार करतो, पण दात ओठ खाऊन.

दुसरी त्यांची खोड म्हणजे भिंतींची ओळख करून देणं. आमच्या भिंती झाल्या त्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून, म्हणजे हाताला नाही, पदराच्या टोकाला धरून, घरभर फिरवलं. "ही पूर्वेची भिंत एका पाटुबाईंची. पोरांना गाणं शिकवतात. साठवलेला पैसा बँकेत जास्त व्याजानं ठेवता आला असता, आमच्याकडं कमी व्याजानं ठेवला. नमस्कार कर. ही मधली भिंत सेल्वीची."

"शेजारच्या सेल्वीची? इडलीवाल्या सेल्वीची?"

"तिचीच. ती महिन्याला फेडते, ते इथं येतं. म्हणून या भिंतीला खिळा हळू मार."

आता पैशाला काय नाव असतं? एका पिशवीत पडलेली नोट कुठली ते कुणाला कळतं? मी हे म्हटलं तर मामा चिडले. "तुला नाही कळत, मला कळतं." सेल्वीला सांगितलं तर ती पदर खोचून आमच्या घरात आली, मधल्या भिंतीला हात लावून बघितला आणि तमिळमध्ये म्हणाली, "माझी भिंत जरा ओली आहे. पाणी जास्त मारलंस." तेव्हापासून रोज येऊन बघायची.

मला मात्र या पैशाचं फार कुतूहल. मी तमिळ शाळेत आठवीपर्यंत, पुढं लग्न. नवरा दुसऱ्याची ऑटो चालवतो, पगाराचा कागद नाही, बँकवाले आम्हाला खुर्चीत बसा म्हणत नाहीत. मग या संस्थेला बँक कशी देते? आणि संस्था आम्हाला कशी देते? मी मामांना खोदून खोदून विचारायची. मामांना कुणी विचारलेलं आवडायचं. पण ते सरळ सांगणार नाहीत, स्वयंपाकघरातनं सांगणार.

"विरजण लावतेस ना? सगळं दही खाऊन टाकतेस?"

"नाही, थोडं ठेवते."

"का?"

"उद्याच्या दुधाला."

"तसं. तू फेडशील ते विरजण. ते पुढच्या घराच्या दुधात पडणार. तू खाऊन टाकलंस तर पुढच्याला दही नाही."

"आणि बँक?"

"बँकेला चटक्याची भीती. म्हणून गरम भांड्याखाली आम्ही फडकं धरतो. लोकांनी दिलेल्या देणग्या, ते फडकं. कुणी फेडलं नाही तर आधी फडकं जळणार, मग बँकेचा हात. बँक म्हणते, फडकं जाड आहे ना, मग धरते."

मला हे इतकं आवडलं की मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जेवायला वाढ."

मामा कॉफी मात्र कुणाकडं घेत नाहीत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. "उद्या म्हणतील पंचनदरावानं कॉफीवर छप्पर दिलं." सासूबाईंनी एकदा वाटीत उडदाचं डांगर दिलं, मामांना फार आवडतं म्हणे, तर वाटीकडं पाहिलं, नुसता आवंढा गिळला, आणि म्हणाले, "बाई, झाकून ठेवा, माशा बसतील."

आता तुम्ही म्हणाल मग त्या दुधाचं काय एवढं. सांगते. आधी आमच्या कॉलनीत काय झालं होतं, लोकांनी छप्पर चढल्याबरोबर दूध उतू घालून राहायला सुरुवात केली. दाराला पडदा, आणि संडास? मागं शेत आहेच. शेवटच्या टप्प्याचा पैसा आला की कुणी मुलीचे कान टोचले, कुणी जेवण घातलं, कुणी टीव्ही. आणि बायका पहाटे अंधारात शेतात. त्यात एकीला साप चावला. वाचली ती, पण मामांनी तेव्हापासून नियम केला: शेवटचा टप्पा हा देणगीचा आहे, तो पुऱ्या न झालेल्या घरालाच मिळतो, आणि दूध उतू गेलं की घर पुरं झालं असं धरायचं. फाइल बंद. शिल्लक पैसा यादीतल्या पुढच्याला. संस्थेच्या मीटिंगमध्ये पासही करून घेतला. कॉलनीत येताना मोपेडवरूनच ओरडायचे, "आधी संडास, मग दूध!" पोरंही त्यांच्या मागं ओरडत पळायची.

आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, आडी लागतोय. आडी म्हणजे आपला आषाढच जवळजवळ, त्यात नव्या घरात जात नाहीत. आणि आम्ही भाड्यानं राहत होतो ती राजवाड्यामागची खोली मालकाला पाहिजे होती, तो पाहुण्यांसाठी लॉज करणार, आडी संपायच्या आत रिकामी करा म्हणाला. सासूबाईंनी तोड काढली: आडीच्या आधी दूध उतू घालून ठेवायचं, म्हणजे घर आपलं झालं, मग आडीतही गेलं तरी दोष नाही. "आणि त्या रावाचं काय?" नवरा म्हणाला. "ते शुक्रवारी तिरुवैयारूला असतात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चौकशी करून ठेवली होती.

शुक्रवारी मामा खरंच तिरुवैयारूला जायचे. पण त्या शुक्रवारी ऊन फार, त्यांना वाटलं आधी थोडं आडवं व्हावं, आणि आमचं छप्पर नवं, गार. झोपायला आले होते हो. बस एवढंच.

दूध खाली बसल्यावर सासूबाई जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. अर्धं तमिळमध्ये होतं. "माझ्या नातीच्या घरात विघ्न केलंत! फुंकर मारून लक्ष्मी घालवलीत!" मामा भिंतीला टेकून ऐकत होते. ती पाटुबाईंची भिंत होती. मग म्हणाले, "बाई, ओरडा, पण हळू. भिंती ओल्या आहेत."

आणि संध्याकाळी पोरीला ताप.

मी काय सांगू, माझं काळीज ठिकाणावर नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले साधा ताप, औषध दिलं. सासूबाई म्हणाल्या दुधाचा ताप. मी औषधही देते आणि मिरच्याही ओवाळते. त्यातच नवऱ्यानं सांगितलं, फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेलाय. कसा गेला? "मी फक्त सेल्वीला पाठवला होता." सेल्वीनं हौसेनं, नमस्काराचे हात लावून, सगळ्यांना पाठवला. त्या ग्रुपवर संस्थेचं ऑफिसही आहे. ऑफिसनं तिथंच विचारलं, गृहप्रवेश झाला का? तर खाली वीस लोकांनी अभिनंदन म्हणून टाकलं.

म्हणजे गेलं. दार गेलं, खिडक्या गेल्या, संडास गेला. खोली सोडायची आणि भोकं असलेल्या घरात, रांगणारी पोर घेऊन, मागं शेत. मला ती साप चावलेली बाईच डोळ्यापुढं दिसायची. मला भीती वाटते हो सापाची. मला सगळ्याचीच वाटते, पण सापाची फार.

दुसऱ्या दिवशी मामा खोलीवर आले. आत नाही आले, उंबऱ्याबाहेर उभे. हातात चटई नव्हती म्हणून ओळखूच येईनात. पोरीचं विचारलं. मी म्हटलं उतरतोय. सासूबाई आतनं म्हणाल्या, "उतरेल कसा? दोष लागलाय. कुणी केला तो उभाय दारात."

मामांनी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, असं करा. त्या दुधाचा जो काही दोष असेल तो माझ्या नावावर घाला. देवापुढं तसं म्हणा. मी स्वतः म्हणतो. पोरीच्या नावावर नको."

"असा नावावर घालता येतो होय? तुमच्या घरच्यांना लागेल तो!"

"माझ्या घरी कोण आहे?" मामा म्हणाले. साधंच म्हणाले, वार विचारल्यासारखं. "लागून लागून कुणाला लागणार?"

सासूबाई गप्प झाल्या. माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदाच गप्प झाल्या असतील. मग आत गेल्या, देवापुढं काहीतरी पुटपुटल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "निम्मा घातला. निम्मा मी घेतला." पोरीचा ताप त्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणतात औषधानं.

मग मीटिंग. मला जायला लागलं, कारण घर माझ्या नावावर आहे, संस्था बायकांच्या नावावरच देते. मी पोर घेऊन कोपऱ्यात बसले. समोर टेबल, पाच-सहा मोठी माणसं. मध्ये तो फोटो, भिंतीवर मोठा करून लावलेला. सासूबाईंचे हात, फेस, आणि कोपऱ्यात मामांचा एक फुगलेला गाल.

"दूध उतू गेलेलं दिसतंय," एकजण म्हणाले.

"कुठं गेलंय? काठ दाखवा," मामा म्हणाले.

काठ मोठा केला. फेस काठावर होता. एक थेंब भांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोंबत होता.

"हा बघा थेंब. बाहेर आहे."

"बाहेर आहे, पण खाली पडला का? भांड्याला चिकटलाय. चिकटलेला थेंब भांड्याचा."

"पंचनदराव, नियम तुमचाच आहे!"

"म्हणून तर मला ठाऊक. उतू जाणं म्हणजे जमिनीला लागणं. जमिनीला लागलं का? लागलं असतं तर मी पहिला फाइल बंद केली असती. मी तिथं होतो. माझे गुडघे साक्षी आहेत." आणि त्यांनी खरंच धोतर थोडं वर करून गुडघे दाखवले. खरचटलेले.

ती मोठी माणसं त्या थेंबावर किती वेळ बोलली असतील! एकानं शेवटी मला विचारलं, "बाई, तुम्ही सांगा, उतू गेलं का?" मी उभी राहिले आणि तोंडातनं निघालं, "गेलं असतं तर आम्ही रडलो नसतो." सगळे हसले. शेवटचा टप्पा पास झाला.

त्यानंतर आडीभर काम. सुतार, प्लंबर, टाकी. मालकानं एकदा दम दिला, मग आडी उलटून महिनाअखेरपर्यंत थांबला. आणि रोज संध्याकाळी पाप्पाती यायची. पाप्पाती मोठ्या देवळापाशी फुलं विकते, दोन मुली घेऊन भावाच्या परसात ताडपत्रीखाली राहते. यादीत आमच्यानंतर तिचं नाव. आमची फाइल बंद झाली की तिचा पाया निघणार. ती टोपली डोक्यावर घेऊन उभी राहायची. "आक्का, दार बसलं?" "बसलं." "कडी?" "उद्या." तोंड उतरायचं तिचं, पण जाताना पोरीच्या केसात एक फूल खोचून जायची.

मामा रोज यायचे. पोरगी आता त्यांना ओळखायला लागली होती. मोपेडचा आवाज आला की रांगत सुटायची. मामा तिला उचलून घेत नसत, नुसते खाली बसत आणि ती त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची. पहिल्यांदा उभी राहिली ती अशीच, त्यांना धरून.

एकदा मी सेल्वीला म्हटलं, घरभरणीला मामांना जेवायला बोलवू, आता फाइल बंद झाली की कॉफीचं भय नाही. सेल्वी हसली. म्हणाली, "येणार नाहीत. माझ्या घरी तीन वर्षांत एकदा आले नाहीत. पोरीच्या फंक्शनला पत्रिका दिली, तर रस्त्यावर उभं राहून हातात पाकीट दिलं आणि गेले. म्हणाले, पुऱ्या घरात माझं काय काम? माझा पैसा आता पुढच्या घरात आहे, मी तिकडं." घर बांधून होईपर्यंत तिच्या घरीही असेच रोज यायचे, असेच झोपायचे, तिच्या पोरीला पाढे शिकवायचे. फाइल बंद झाली आणि संपलं. आता ती पोरगी रस्त्यात दिसली तरी मामा मोपेडवरून नुसती मान हलवतात.

"का गं असं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी विचारलं नाही. मला वाटलं गर्व असेल."

मला नाही वाटत गर्व. मला वाटतं, ज्या घरी काही काम नाही त्या घरी कसं जायचं, हेच त्यांना येत नाही. कुणी शिकवलंच नसेल.

आणि काल शेवटची तपासणी झाली.

मामा सकाळीच आले. दार उघडलं, लावलं, उघडलं. कडी घातली, काढली. संडासात जाऊन पाणी ओतलं, आवाज ऐकला. खिडकीच्या प्रत्येक गजाला हात लावला. भिंतींपाशी उभे राहिले. चूक सापडेना. मी बघत होते, एवढा मोठा माणूस, पण चूक सापडत नाही म्हणून तोंड पडत चाललं होतं. परत एकदा संडास पाहून आले.

बाहेर नवरा ऑटोत सामान भरून उभा. खोलीची किल्ली मालकानं घेतलेली. सासूबाई मागच्या सीटवर देवांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या. रस्त्याच्या पलीकडं पाप्पाती, आज टोपली नाही, दोन्ही मुलींना घेऊन आलेली, आत यायचं धाडस नाही, तिथनंच बघत होती.

मामा पायरीवर बसले. पेन काढलं. पोरगी रांगत जाऊन त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि पेनाचं टोपण ओढायला लागली. त्यांनी ओढू दिलं.

"राधा," ते म्हणाले, "नियमानं विचारावं लागतं. घरात काही उणं राहिलंय का?"

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "नीट बघून सांग. घाई नको. एखादी कडी घट्ट बसली असेल. खिडकी कुरकुरत असेल. पावसात कुठं गळेल, आज कळत नाही. काही असलं तर मोकळेपणी सांग, मला परत यायला काही त्रास नाही. आठवड्यानं येईन. तोपर्यंत फाइल उघडी ठेवता येते."

माझ्याकडं बघत नव्हते. पोरीच्या हातातल्या टोपणाकडं बघत होते.

खिडकी कुरकुरत नव्हती. कडी नीट होती. पण मी नुसतं म्हणायचं, मामा, ही कडी जरा बघा. मग ते येतील, पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या. पोरगी चालायला लागेल तेव्हा ते इथं असतील. आणि पाप्पाती रस्त्याच्या पलीकडं उभी. मी नाही म्हटलं तर उद्या तिचा पाया, आणि मोपेड तिच्याकडं वळणार, आमच्या दारावरनं. बोलवलं तर यायचे नाहीत ते, सेल्वीनं सांगितलंय.

"काय गे?" मामा म्हणाले. "काही उणं आहे?"

नवऱ्यानं ऑटोचा हॉर्न वाजवला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी, एकदा कडीकडं बघते, एकदा पाप्पातीकडं.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता हो?